सातेरीची सुरंगी आणि माझं नाक

एकतीस वर्षं मी नाकावर पोट भरलं. सांगलीजवळच्या एका डेअरीत दूध उतरवून घ्यायच्या फलाटावर माझी ड्युटी असायची. गाडी आली की कॅनचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि दोन सेकंदांत सांगायचं, पास की नापास. म्हशीनं आदल्या संध्याकाळी कांद्याची पात खाल्ली असेल, कॅन नीट विसळला नसेल, गाडी उन्हात थांबली असेल, तर ते यंत्राच्या आधी माझ्या नाकाला कळायचं. ही सवय अंगात इतकी मुरली की निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी झाकलेलं काही दिसलं की माझा हात झाकणाकडे जातो आणि मागोमाग नाक जातं.

चंदनाचा नादही मला दुधामुळेच लागला. जुन्या, खऱ्या चंदनाच्या तेलात निरशा दुधासारखा एक कोमट, सायीचा पदर असतो. तरुणपणी म्हैसूरला सहलीला गेलो होतो, तिथं एका दुकानदारानं मनगटावर थेंब टेकवला आणि मी संपलोच. पहिल्या बोनसमधून तिथलंच वीतभर खोड घेतलं. ते मी कधी सहाणेवर घातलं नाही. मलमलीत गुंडाळून पिशवीत ठेवतो आणि नाक थकलं की काढून हुंगतो. मग एकातून दुसरं निघालं. कनोजची अत्तरं आली, वाळा आला, तापलेल्या मातीचं अत्तर आलं, परदेशातल्या एकट्यादुकट्या कारागिरांनी मोजक्या बाटल्यांत भरलेले वास आले. आमचा आठ-दहा वेड्यांचा एक गट आहे. दोन-दोन मिलीच्या कुप्या आम्ही एकमेकांना कुरियरनं पाठवतो आणि फोनवर तासन्‌तास भांडतो. माझ्याकडे वासांची वही आहे. तीत पास-नापासचे शेरे आहेत, जुनी खोड दुसरं काय.

या सगळ्यात एकच गोम होती. माझी बायको शुभांगी हिला अर्धशिशी आहे. बाटलीचं बूच निघालं की तिचं डोकं ठणकायला लागतं. त्यामुळे माझं कपाट गॅलरीत, माझे प्रयोग गॅलरीत, आणि अत्तर लावून बाहेर पडलो तर ती माझ्यापासून दीड हात लांब चालते. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, हे दीड हात काही कमी झाले नाहीत. मी बोलून दाखवलं नाही, पण मला ते फार लागायचं. ज्याचा आपल्याला इतका ध्यास, त्याच्याच पायी आपलं माणूस लांब सरकतं.

तिला आवडतो असा जगात एकच वास. सुरंगीचा. तिचं माहेर वेंगुर्ल्याच्या अलीकडे, आणि घरामागे सुरंगीचं थोरलं झाड. माघ सरत आला की ती न चुकता म्हणते, "आता आमच्याकडे कळी धरली असेल." ते फूल महिना-दीड महिनाच असतं आणि नोकरीत असताना नेमकी त्याच दिवसांत मला कधी रजा मिळाली नाही, निवृत्तीनंतरचं पहिलं वर्षही असंच गेलं. या वर्षी मी ठरवलं. माझ्याकडे जुन्या चंदनतेलाची शेवटची पंधरा मिली उरली होती, पुन्हा मिळायची नाहीत अशी. त्या तेलात ताजी सुरंगी मुरवायची आणि शुभांगी लावेल असं एक अत्तर करायचं. दीड हात मिटवायचे, एवढीच माफक अपेक्षा.

घाट उतरताना

गगनबावडा मागे टाकून आम्ही करूळ घाटाला लागलो. मी गाडीच्या काचा खाली केल्या. घाटात हवा पायरीपायरीनं बदलते. वर कोरड्या गवताचा वास होता, मधल्या वळणांवर भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेतं भाजतात त्याचा, गोडसर धूर, आणि खाली वैभववाडीच्या बाजूला काजूचा मोहोर. आंब्याच्या मोहोरापेक्षा तो उग्र असतो, थोडा मधासारखा, थोडा ओल्या कातड्यासारखा. मी गाडी कडेला घेऊन वहीत लिहिलं. शुभांगी म्हणाली, "असंच चाललं तर शिमग्याला पोचू."

तळेऱ्याला चहाला थांबलो. एक फाटा देवगड-विजयदुर्गाकडे जातो, आम्हाला सरळ खाली जायचं होतं. इथं दरवेळी एक चमत्कार होतो, मी तो आता मन लावून बघतो. घाटावर माझ्याशी आमच्यासारखं बोलणारी ही बाई तळेऱ्याला गाडीतून उतरते ती दुसरीच होऊन.

"खंय जातास?" चहावाल्यानं विचारलं.

"म्हायेराक. वेंगुर्ल्याक," ती म्हणाली. आवाजसुद्धा जरा वर चढला होता.

"मगे साखर वायच जास्त घालतंय," तो म्हणाला आणि खरंच घातली.

सांगलीत माहेरी निघालेल्या बाईला कुणी अशी साखर घालत नाही. आमच्याकडे फार तर गाडी कितीची आहे ते विचारतात.

सावंतवाडीची बरणी

तेलाच्या बाटलीचं तोंड इतकं अरुंद, की तीत कळी गेली नसती. त्यामुळे वाट वाकडी करून सावंतवाडी गाठली. शुभांगी मोती तलावाच्या कठड्यावर बसली. ऊन पाण्यावर निवांत पडलं होतं आणि ती त्याकडे बघत राहिली. मी बाजारात गेलो. लाकडी फळांच्या दुकानांवरून जाताना लाखेचा आणि रंगाचा वास आला, तोही वहीत गेला.

काचेची रुंद तोंडाची बरणी एका पूजासाहित्याच्या दुकानात मिळाली. दुकानदार हौशी निघाला. त्यानं चंदनाचं म्हणून एक खोड पुढे केलं. मी हुंगलं आणि परत दिलं.

"तेल चोळलंय वरून. आत दुसरंच लाकूड आहे," मी म्हणालो. "नापास."

तो रागावला नाही. हसला. "सायबानू, ह्यां देवाक चालता. देव तुमच्यासारखो हुंगीत बसत नाय."

मला ते बोलणं गावंढळ वाटलं. बरणी काखेत मारून, आपल्या नाकाचा मनातल्या मनात अभिमान बाळगत मी तलावाकडे परतलो. या अभिमानाचं काय झालं ते पुढे येतंच आहे.

घर आणि झाड

शुभांगीचा थोरला भाऊ बाबलदादा आणि त्याची बायको सुलूवहिनी, घरात आता दोघंच असतात. मुलं मुंबईला नोकरीत. शेती, काजू, थोडे आंबे आणि ही सुरंगी. गाडीचा आवाज ऐकून दादा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात आला.

"इलास? येवा, येवा. भावजी बारीक झाले गो शुभा, जेवूक घालतस मां?"

जेवायला भाजलेला बांगडा होता, ओल्या काजूगरांची उसळ होती आणि सोलकढी. आमच्याकडे काजू म्हणजे दिवाळीला वाटीतून मोजून येणारी चीज. इथं तो हिरव्या सालीतून सोलून वाटपात शिजतो आणि त्याला कोवळ्या दाण्याची गोडी असते. मी तीन वेळा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुरमई आणायची असं दादानं जाहीर केलं. ती सुरमई मला मिळाली नाही, आणि दोष सर्वस्वी माझा.

उन्हं कलली तशी वहिनी मला झाड दाखवायला घेऊन गेली. मी सुरंगी पहिल्यांदाच बघत होतो. काळपट हिरवं, भरदार झाड, आणि कळ्या डहाळीच्या टोकाला नाहीत तर जाड फांदीच्या अंगालाच झुबक्यांनी चिकटलेल्या, जणू फांदीला घाम फुटलाय. अजून उमलल्या नव्हत्या तरी झाडाखाली हवेत काहीतरी तरंगत होतं. मी मान वर करून उभाच राहिलो.

"फाल्या सकाळी पयली कळी काडूची," वहिनी म्हणाली. "तिचो वळेसर देवीक जाता. आमच्या घराचो मान आसा तो. पयलो वळेसर सातेरीक चढलो, मगेच गावातली बायलां माळतत. तेच्या आदी ही कळी कोण माळीत नाय, हुंगीत पण नाय."

फाल्या म्हणजे उद्या, वळेसर म्हणजे गजरा आणि सातेरी ही गावची देवी. मी मान डोलावली. सगळं समजलं होतं, एकही शब्द चुकला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण मागाहून सबब सांगायला मला काही उरलं नाही.

झाकण

सुरंगी उजाडायच्या आत काढतात. ऊन लागलं की कळी उमलते, आणि उमलली की मधमाश्या तिच्यावर हक्क सांगतात. दादा शिडी लावून वर होता, कमरेला दोरी. खाली जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि कळ्या त्यांवर टपटप पडत होत्या. अंधार विरळ होत होता, समुद्राकडून गार झुळूक येत होती आणि कुणी फारसं बोलत नव्हतं. मला वाटलं, हे आपण झोपेतच बघतोय.

कळ्या थोड्याच निघाल्या, एक टोपली. झाडाचा तो पहिलाच तोडा. वहिनीनं टोपली पडवीत आणून ठेवली, वर केळीचं पान झाकलं आणि ती आंघोळीला गेली. दादा हातपाय धुवायला विहिरीवर. शुभांगी आत फडताळात दोरा शोधत होती. मी चहाचा कप घेऊन पडवीत आलो.

पुढे काय झालं ते मला नीट आठवतही नाही. ठरवून काही केलं नाही, एवढं शपथेवर सांगतो. समोर झाकलेली टोपली होती. हातानं पान उचललं आणि नाक आत गेलं. एकतीस वर्षांत जे लाखभर वेळा झालं, तेच झालं.

आणि काय होतं आत! मध होता, पण पातळ नाही, पोळ्यातल्या मेणासकट. केशराची कडवट कड होती. त्याखाली पावसाळ्यात लाकडाची पेटी उघडावी तसं काहीतरी ओलसर, खोल. डोळे मिटलेलेच होते. किती वेळ तसा होतो कोण जाणे.

"अहो!"

दारात शुभांगी होती, हातात दोऱ्याचं रीळ.

मी पान झाकलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. धसका होता, आणि तो रागापेक्षा वाईट.

"कुणी बघितलं नाही," मी कुजबुजलो.

"मी बघितलं ना," ती म्हणाली.

"अगं, वासच घेतला. फुलं आहेत तशी आहेत."

"हुंगलेलं फूल उष्टं असतं. तुमच्याकडेही असतं. तुमची आई मला फुलांची परडी तोंडापासून लांब धरायला सांगायची. आणि मला माझ्या वहिनीच्या हातून देवीला उष्टी फुलं घालायला लावता?"

ती थेट आत गेली आणि वहिनीला सांगून मोकळी झाली. मी पडवीत उभा. चहा गार झाला. फलाटावर मी इतक्या लोकांचं दूध नापास केलं, तेव्हा त्यांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

वहिनी ओल्या केसांनी बाहेर आली. टोपलीकडे बघत राहिली.

"मरांदे गे," विहिरीवरून आलेला दादा म्हणाला. "पाव्हणो माणूस. कोणाक कळतला?"

"गावाक कळाचा नाय. देवीक कळाचा नाय?" वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "लगीन होवन ह्या घरात इलंय तेच्यापासून एक वर्स खाडो पडूक नाय. सासूबायनी मरताना हातार हात ठेवन सांगितल्यानी, वळेसर चुकवू नको. आज देवळात मानसां वाट बघतली."

घरात आवाज चढला असता तर मी सोसलं असतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि टोपली उचलून निघाली. आम्ही मागोमाग.

कौल

सातेरीचं देऊळ कौलारू, बसकं, आत गार अंधार आणि देवी म्हणून पुजतात त्या वारुळासमोर तिचा मुखवटा. दहा-बारा बायका आधीच बसल्या होत्या, वळेसर चढला की माळायला. वहिनीनं त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझ्यावर ढकललंही नाही. "आमच्या घराकडसून चूक झाली," एवढंच म्हणाली. मला तिच्या मोठेपणाची लाज वाटली.

धोंडू गुरव सत्तरीचा, काटक. तो म्हणाला, "आपण कित्या भांडूचा? तिकाच इचारूया." त्यानं दोन ओल्या कळ्या देवीच्या मुखवट्याला लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग हात जोडून त्यानं गाऱ्हाणं घातलं.

"गे माये सातेरी, ह्या लेकराच्या हातसून जा काय चुकला-माकला ता पोटात घाल. हुंगलली फुलां तू घेतलस तर उजवो कौल दी."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

कुणी हलेना. समईची वातसुद्धा स्थिर वाटत होती. मी चंदनाच्या शंभर कुप्या हुंगल्यात, पण दोन इवल्या कळ्यांकडे इतकं डोळे लावून कधी बघितलं नव्हतं. मग डावी कळी सुटली आणि खाली पडली.

वहिनीनं खालचा ओठ दातांखाली धरला.

गुरवानं पुन्हा कळ्या लावल्या. या वेळी विचारलं: दुसरा तोडा निघेपर्यंत मान थांबव, तोवर रोज नुसतं गंध घे, आणि ज्यानं चूक केली तोच ते उगाळून देईल, चालेल? बराच वेळ गेला. बाहेर कुठेतरी भारद्वाज घुमत होता. मग उजवी कळी हळूच घसरली, आणि बायकांच्या तोंडून एकदम सुस्कारा निघाला.

"तीन दीस," गुरव म्हणाला. "आणि भावजींच्या नाकाक फडको बांधा. नाकान चूक केल्यान, तेकाच बांधून घालूया."

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली, डोळे ओले असतानाच. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

सहाण

देवळातलं चंदनाचं खोड झिजून अंगठ्याएवढं उरलं होतं. तीन दिवस ते पुरलं नसतं. मी पिशवीतून माझं खोड काढलं. मलमल सोडवताना हात जरा थांबला, खोटं कशाला सांगू. शुभांगी बघत होती. मी पाण्याचे चार थेंब टाकले आणि खोड दगडावर टेकवलं.

नाकावर वहिनीच्या स्वयंपाकघरातलं दुहेरी फडकं होतं. त्याला चुलीच्या धुराचा आणि कोकमाचा असा दाट वास, की दुसरं काही आत शिरत नव्हतं. आयुष्यभर सांभाळलेलं चंदन माझ्या हाताखाली पहिल्यांदा उगाळलं जात होतं आणि मला त्याचा वास येत नव्हता. पहिल्या दिवशी चरफडलो. मनगट दुखलं. गोल फिरवायचं की पुढेमागे तेही धड येत नव्हतं. गुरव म्हणाला, "जोर लावू नकात. खोड आपणच झिजता, तुमी नुसतो हात ठेवा."

घरात तीन दिवस शिवराक, म्हणजे मासा-मटण बंद. कुणी मला बोल लावला नाही, पण दादा दुपारी मासे विकणारीचा आवाज आला की माझ्याकडे बघायचा आणि उसासा टाकायचा. घावणे आणि नारळाचा रस खात मी मान खाली घालायचो. ती उष्टी टोपली वहिनीनं माझ्यापुढे ठेवली. "ह्यांचा आता अत्तर करा. देवीक नको ती." मला हवं होतं तेच समोर होतं, फुकट, आणि माझा हात पुढे होईना. शेवटी तिनं कळ्या उन्हात वाळत घातल्या. वाळल्या कळीलाही गिऱ्हाईक असतं.

दुसऱ्या दिवशी मात्र काहीतरी सैल झालं. नाक बंद असलं की माणूस बघायला लागतो. सहाणेवर गंध साचतं तेव्हा आधी पाणी पांढुरकं होतं, मग पहिल्या धारेच्या दुधासारखं. बोटांना ते रेशमी लागतं. सहाणेचा दगड मध्ये खोलगट झाला होता, कितीएक हातांनी. मी त्या खोलगटातून हात फिरवत राहिलो. कोपऱ्यात शुभांगी लहानपणच्या मैत्रिणींशी हळू आवाजात गजाली सांगत होती, बाहेर माडांच्या सावल्या अंगणभर सरकत होत्या, आणि सकाळ कधी संपली ते कळलंच नाही. इतक्या वर्षांत कशालाही पास-नापास न म्हणता गेलेली ती माझी पहिली सकाळ.

पयलो वास

तिसऱ्या दिवशी झाडानं हात सैल सोडला. दोन टोपल्या भरून कळी निघाली. या वेळी मी विहिरीपलीकडे जाऊन उभा राहिलो होतो, फडकं बांधून, स्वतःहून.

देवळात बायका वळेसर करायला बसल्या. मी सहाणेवर. गंध जवळजवळ झालं होतं तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, दोऱ्याचा टोक धरा." चुकलेल्या माणसाला मानात हात लावायला दिला, हे मला फार मोठं वाटलं. मी ओल्या, गंधानं माखलेल्या हातानं दोरा धरला. ती एकेक झुबका गुंफायची आणि लांबत चाललेला वळेसर माझ्या तळव्यातून सरकत पुढे जायचा. पिवळा पराग गंधात चिकटत होता. उजवा तळवा केशरी-पिवळा झाला. नाकात फक्त चुलीचा धूर.

गुरवानं आधी गंध लावलं, मग वळेसर चढवला. कळ्या पुन्हा लावल्या नाहीत. तो म्हणाला, "आता इचारूचा कित्या? तिचो चेहरो बघा." बायकांनी एकमेकींच्या केसांत सुरंगी माळली. वहिनीनं शुभांगीच्या अंबाड्याभोवती दुहेरी वेढा दिला. मग गुरव माझ्याकडे वळला.

"सोडा आता फडको."

मी गाठ सोडली. पहिल्या क्षणी थंड हवा आली, आणि मागोमाग माझा उजवा हात आपसूक नाकाकडे निघाला. माझं चंदन, शुभांगीची सुरंगी, तीन दिवसांची झीज, सगळं त्या तळव्यावर होतं. जे बरणीत करायला मी सांगलीहून आलो होतो ते हातावर झालं होतं.

नाकाशी पोचायच्या आतच तो हात शुभांगीनं धरला.

"थांबा," ती म्हणाली. आणि मग, माहेरच्या भाषेत, जी ती माझ्याशी कधीच बोलत नाही, "पयलो वास माझो."

तिनं माझा तळवा तोंडासमोर धरला. डोळे मिटले. मी घाबरून तिच्या कपाळाकडे बघत होतो, आठी पडते का म्हणून. आठी पडली नाही. तिनं हळूच श्वास घेतला, सोडला, परत घेतला.

"डोकं?" मी विचारलं.

"नाही दुखत."

परतीची वाट मळ्यांच्या बांधावरून जाते, जेमतेम एका माणसापुरती. तरी ती माझ्या शेजारूनच चालली, हात सोडला नाही. मधूनच तो गालाशी न्यायची, पुन्हा चालायची. मला कितीदा वाटलं, एकदाच, निसटता, वाकून वास घ्यावा. पण ज्याचा मान त्याला. मी समोर बघत चालत राहिलो. घर आलं, तिनं कळशीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं आणि गंध अंगणातल्या तुळशीत गेलं.

निघताना वहिनीनं भरली टोपली पुढे केली, "आता हुंगा, काय करूचा ता करा," म्हणाली. मी पोटभर हुंगलं, पण अत्तर केलं नाही. पंधरा मिली तेल होतं तसं परत आलं. सावंतवाडीच्या बरणीत वहिनीनं आमसुलं भरून दिली. खोड बोटभर कमी झालंय, आणि ते आता गॅलरीतल्या कपाटात नसतं, देवघरात सहाणेशेजारी असतं.

गटातले सगळे फोन करून विचारतात, जुनं चंदन आणि ताजी सुरंगी एकत्र आल्यावर वास कसा येतो? माझ्या वहीत त्या पानावर काहीच लिहिलेलं नाही. मला माहीत नाही. मी शुभांगीच्या हातात फोन देतो.